पालकाच्या जागी

गुरुवारी दुपारी पोपटशेठ कारखान्यात आला तेव्हा मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते. आखणी चालू असताना हमरापुरात कुणी कुणाला हाक मारत नाही. हात हलला तर देव भलतीकडेच बघायला लागतो. पोपटशेठला हे माहीत नव्हतं. जितेशने त्याला दारातच थांबवलं आणि मी ब्रश खाली ठेवीपर्यंत दोघे उभे राहिले.

जितेश माझ्या भावाचा मुलगा. तो दोन वर्षांचा असताना त्याची आई गेली. माझा भाऊ शिवा त्याला माझ्याकडे ठेवून रोह्याला गेला, धाटावच्या एका कंपनीत लागला, तिथेच दुसरं लग्न केलं. पोर माझ्याकडेच राहिलं. आता त्याला अठरा पुरी व्हायला दोन महिने उरले होते.

आणि तो रॅप करत होता. उरणच्या बंदरात कामाला असलेल्या एका मित्राने त्याला परदेशी कॅसेट दिली होती. ती ऐकून ऐकून फीत पातळ झाली. मग हा प्लास्टरच्या बादलीवर हात मारत आपलंच बोलायला लागला. गाणं नव्हे, बोलणंच, पण तालावर आणि दम न घेता.

वडखळ नाक्यावर थांबते गाडी,
एक वाट गोव्याला, एक अलिबागला काढी;
आम्ही मधेच उभे, हातात नाय भाडं,
मिठागर गेलं, उगवलं धुराचं झाड.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "भांडतोस कोणाशी?" तो म्हणाला, "सगळ्यांशी." पण पुढे पुढे रंगकाम करणारी माणसं काम थांबवून ऐकायला लागली. एका लग्नात पोपटशेठने ऐकलं. तो पनवेलच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस. गणपतीच्या आत कॅसेट काढू, म्हणाला. आठ गाणी.

त्याने स्टँपपेपर पाटावर पसरला. "पोरगा लहान आहे, म्हणून घरच्या मोठ्या माणसाचं लागतं. बाई, अंगठा की सही?"

"सही," मी म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. अक्षरं आली, पण मला कोणी सही मागितली नव्हती. रेशनवालाही सवयीने शाईची डबी पुढे करायचा. मी हात धुतले, पुसले, पोपटशेठचं बोट जिथे होतं तिथे सावकाश नाव काढलं. त्या रेघेखाली एकच शब्द छापलेला होता, तेवढा मी वाचला. 'पालक.' वरचं काहीच वाचलं नाही.

"काय वळण आहे," पोपटशेठ म्हणाला. एक प्रत त्याने आम्हाला दिली आणि जितेशच्या हातात मानधनाचं पाकीट ठेवलं.

शुक्रवारी कारखाना बंद होता. लाईट नव्हती, कॉम्प्रेसर चालत नव्हता. मी ओट्यावर बसून बोट ठेवून तो कागद वाचायला घेतला. 'लिहून देणार', 'लिहून घेणार', मग आठ गाण्यांची नावं. तिसऱ्या पानावर आले तेव्हा उन्हं उतरली होती. तिथे लिहिलं होतं, 'यापुढील सात वर्षांत लिहून देणार जी जी गीते रचील, म्हणेल वा ध्वनिमुद्रित करील ती सर्व.' मी ते तीनदा वाचलं. मला वाटलं, मीच चुकत असेन.

शनिवारी सकाळी जितेश नवा शर्ट घालून निघाला. "आज रेकॉर्डिंग," म्हणाला. "पेणलाच, दोन तासांचं काम. मग शेठच्या गाडीतून रोह्याला. बाबाची पण सही लागते."

"माझी झाली ना?"

"शाळेच्या दाखल्यावर बाबाचं नाव हाय. फॉर्म्यालिटी हाय नुसती. तीन वाजता शिफ्ट सुटते, गेटवरच घेणार."

"जित्या, ते सात वर्षांचं काय लिवलंय?"

"कंपनीवाले असंच लिवतात."

"तू वाचलंस?"

"चाळलं." त्याने केस मागे सारले. "आत्या, तू सही केलीस ना? मग आता कशाला?"

तो गेला. मी कागद पिशवीत घातला, टेंपोने पेण गाठलं आणि रोह्याची गाडी धरली.

रोह्यात मला एकच माणूस माहीत होता ज्याला हे कागद कळतात. शेजारच्या अष्टमी गावचा सायमन. मुंबईत एका रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीत त्याने तीस वर्षं करार टाइप केले होते. त्याची मुलं इस्राएलला गेली. तो आणि त्याची बायको दीनाबाय मागे राहिले. चैत्रात त्याने आपल्या पडवीत दर रविवारी पोरांना शिकवायला सुरुवात केली, फुकट. कोळीगीतं म्हणणारे दोघे, अष्टमीचीच रॅप करणारी तीन पोरं, आणि हमरापूरहून जितेश. परत येताना गाडीला सोबत म्हणून मी जायचे आणि खालच्या पायरीवर बसायचे.

सायमनने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "जितेश, तुमच्याकडं काय विकतात? मूर्ती की साचा?"

"मूर्ती."

"कोणी साचा मागितला तर?"

"आत्या तंगडं तोडील."

पोरं हसली. सायमन हसला नाही. "साचा ज्याच्या घरी, उद्याच्या मूर्ती त्याच्या. गाण्याला पण साचा असतो. शब्दांचा एक, चालीचा एक, आणि फितीवर उतरलेल्या आवाजाचा एक. कागद पुढं आला की पाच गोष्टी विचारायच्या. कोण देतो? काय देतो? किती वर्षं? कुठल्या मुलखात? आणि विकल्यावर वाटा किती? एकाचं जरी उत्तर मिळालं नाही, तर पेन खिशात ठेवायचं."

तीन रविवारांनंतर जितेशने जाणं सोडलं. "काका नुसतं कागद कागद करतात," म्हणाला. "आधी गाणं तर चालू दे."

मी पोचले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. सायमन पांढऱ्या कपड्यात पडवीत बसला होता. सायमन बेने इस्रायली. शनिवार त्यांचा विसाव्याचा दिवस, आणि दहा पुरुष जमल्याशिवाय त्यांची पुरी प्रार्थना होत नाही. त्या दिवशी सातच आले होते, म्हणून तो लवकर घरी आलेला. मी कागद पुढे केला. त्याने हात मांडीवरून उचलला नाही.

"कृष्णाबाई, आज शनिवार. आज मी कागद धरत नाही, पेन धरत नाही."

"तीन वाजता शिवाची सही होणार हाय."

"ऐकायला मनाई नाही. वाचा तुम्ही."

"मी? माझं वाचणं म्हणजे..."

"वाच गो," आतून दीनाबाय म्हणाली. "त्याला आज दुसरा उद्योग नाय."

मी वाचलं. अडखळले की सायमन शब्द सुचवत नव्हता, थांबून राहायचा. मध्ये मी एक ओळ गाळली, तर म्हणाला, "काहीतरी सुटलं. मागं जा." ते सात वर्षांचं आलं तेव्हा त्याने डोळे मिटले. पुढे चौथं पान होतं, काल मी तिथवर पोचले नव्हते. 'रॅपर जित्या या नावावर कंपनीचा हक्क राहील.' त्याच्याखाली माझी सही.

भिंतीवरचं घड्याळ दीडवर आलं होतं.

"वाटा कुठं लिहिलाय?" त्याने विचारलं.

"नाय लिवलेला. एकरकमी मानधन, एवढंच हाय."

"दोन वर्षांपूर्वी कायदा सुधारला. वाटा काय देणार ते लिहावं लागतं. त्यांना माहीत आहे, आपल्याला माहीत नाही असं धरून चालतात." तो माझ्याकडे सरकून बसला. "मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण असे कागद मी शेकड्यांनी टाइप केलेत. अठराच्या आतल्या पोराने केलेला करार टिकत नाही. त्याच्या वतीने पालकाने करावा लागतो. आणि बाप जिवंत असताना पालक बाप."

"मी सोळा वर्षं..."

"कोर्टाने तुम्हाला नेमलं?"

"नाय."

"मग तुमची सही तिथं उमटली ती न उमटल्यासारखीच. नुसतं सांभाळलं म्हणून पोराच्या मालकीच्या वस्तूचा व्यवहार करता येत नाही. हे तुमच्या भाग्याचं आहे, कृष्णाबाई. तुमच्या सहीने काहीच गेलेलं नाही."

ज्या शब्दावर मी नाव काढलं होतं तो शब्द माझा नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच पोर वाचत होतं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला.

"आणि शिवाने केली तर?"

"तर आठ गाणी अडकली. पुढच्या सात वर्षांचं कदाचित कोर्टात सुटेल. बापाला पोराची मेहनत अशी बांधून देता येत नाही. पण कोर्टात जाणार कोण? ते तुम्ही जाणार नाही हे धरूनच चाललेत." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "शिवाला अडवा. आणि तुमची सही परत घेतल्याचं लिहून त्यांच्या हातात द्या, म्हणजे उद्या ती कोणी दाखवायला नको."

"कोण लिवणार?"

"मी आज लिहीत नाही."

दीनाबायने वहीचा कागद आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. तिनेही दोन्ही वस्तू पदराने धरून आणल्या होत्या. ते पाहून सायमन म्हणाला, "पदराने धरलं की चालतं असं कोणी सांगितलं तुला?" ती म्हणाली, "विचारलंच नाय कोणाला."

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. मी कृष्णाबाई, जितेशची आत्या. जितेशचे वडील हयात आहेत. इथपर्यंत आले तेव्हा दोनला दहा कमी होते.

"मी जितेशची पालक नाही," सायमन म्हणाला.

पेन थांबलं.

"दुसऱ्या शब्दांत नाय लिवता येणार?"

"नाही. हाच शब्द लागतो."

"मी त्याला गोवर आली तेव्हा..."

"मला माहीत आहे."

"कायद्यात त्याला काय म्हणतात?"

"नुसतं सांभाळणं."

"कोणी लिवला हा कायदा?"

"ज्याने पोर सांभाळलं नाय त्याने," दीनाबाय म्हणाली. "लिही गो. वेळ नाय."

मी लिहिलं. त्या एका ओळीला जेवढा वेळ लागला तेवढा आधीच्या सगळ्याला लागला नव्हता. सही केली, तारीख घातली. अडीच वाजले होते. सायमन अंगणापर्यंत आला. शनिवारी तो वाहनात बसत नाही आणि धाटाव त्याच्या पायांना लांब होतं. "पाच प्रश्न विचारा," म्हणाला. "भांडू नका. नुसतं विचारा."

रिक्षा कुंडलिकेच्या पुलावर ट्रकमागे अडकली. गेटवर पोचले तेव्हा भोंगा वाजून गेला होता. माणसं सायकली घेऊन बाहेर पडत होती. वडाखाली पोपटशेठची पांढरी व्हॅन उभी होती. बॉनेटवर कागद पसरलेला, उडू नये म्हणून वर दगड. शिवा डबा काखेत धरून वाकला होता आणि जितेश त्याच्या शेजारी. दोघांची पाठ अगदी सारखी दिसत होती. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण दोघे कधी शेजारी उभे राहिले नव्हते.

"शिवा, थांब," मी म्हटलं.

"आक्का? तू इथं कशी?"

पोपटशेठ हसला. "आत्याबाई, तुम्ही उन्हात कशाला? तुमचं काम झालं."

मी माझा कागद त्याला दिला. त्याने एका नजरेत तो वाचला, मला जे लिहायला पाऊण तास लागला ते. "म्हणजे तुम्ही पालक नाही. बरोबर आहे. म्हणून तर बाप गाठला." त्याने कागद जितेशकडे दिला. "शिवराम, इथं करा."

माझ्या कागदाने त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. उलट आता सगळं त्या एका पेनावर आलं होतं आणि पेन शिवाच्या हातात होतं.

"शिवा, वाचलंस का?"

"पोराने वाचलंय." शिवा माझ्याकडे न बघता बोलत होता. "आक्का, ह्याच्या शाळेच्या कुठल्या कागदावर माझी सही नाय. सगळीकडं तुझा अंगठा. आज पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत आलं, की बाप तुम्हीच ना? एक तरी सही माझी असू दे."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. गुरुवारी मीही हात धुऊन बसले होते.

"कर," मी म्हटलं. "पण मी शेठला पाच गोष्टी विचारते. मग कर."

"आत्या, गप बस," जितेश म्हणाला. त्याच्या हातात माझा कागद होता. "हे तू लिवलंस? पालक नाय म्हणून?"

"व्हय. शेठ, कोण देतो हे?"

पोपटशेठने घड्याळ पाहिलं. "जितेश."

"काय देतो?"

"आठ गाणी."

"आणि?"

"आणि पुढची. ती होतील तेव्हा होतील."

"किती वर्षं?"

"सात. लिहिलंय ना बाई."

"मुलूख कुठला?"

"जगभर."

शिवा हसला. "जगभर? पोरगं अजून महाडच्या पुढं गेलं नाय."

"वाटा किती?"

"मानधन दिलंय की."

"ते झालं. विकल्यावर वाटा किती?"

"असं बघा," पोपटशेठ आता शिवाशी बोलायला लागला, "गणपतीला चार महिने राहिले. आज सही झाली नाही तर सोमवारी मी वडखळच्या पोराला घेतो. तोही हेच करतो, बादली वाजवून. मग ह्याने आयुष्यभर डोळे रंगवावेत."

शिवाने पेनचं टोपण काढलं. पाचव्या प्रश्नाचं उत्तर आलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ मला कळला होता, त्याला नाही. मी त्याचा हात धरू शकत होते. तसं केलं असतं तर त्याने सही नक्की केली असती.

जितेश माझा कागद दुसऱ्यांदा वाचत होता. मग त्याने मान वर केली.

"शेठ, मघाशी गाडीत मी जे म्हटलं ते पण ह्यात आलं?"

"गाडीत?"

"नागोठण्याच्या पुढं. नवीन होतं ते. आठात नाय."

"अरे ते तर सगळ्यात भारी होतं. आलं ना, यापुढील सर्व म्हणजे ते पण आलं. ते पहिलं टाकू कॅसेटमध्ये. जरा लांबतं, मधलं कापू."

"मधलं नाय कापायचं."

"ते कंपनी बघते."

"ते आईवरचं हाय," जितेश म्हणाला.

"मग? आईवरचं चांगलं खपतं."

शिवाने वर पाहिलं. सोळा वर्षांत त्याच्यासमोर त्या बाईचं नाव कोणी काढलं नव्हतं, मीसुद्धा. दोन सायकलवाले 'काय शिवाभाऊ' म्हणत गेले. त्याने त्यांना ओ दिली नाही.

"काय म्हटलंस तिच्यावर?" त्याने विचारलं.

"नाय म्हणणार इथं."

"काय कापणार होते?"

"शेवटी तिचं नाव हाय. चारदा."

पोपटशेठ म्हणाला, "शिवराम, उशीर होतोय."

"बाबा," जितेश म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. हा तो आवाज नव्हता जो सगळ्यांशी भांडायचा. "सही करू नको."

"तुझी कॅसेट?"

"दोन महिन्यांनी मला अठरा होतील. मग मीच बघीन."

"नक्की? मागनं मला बोलशील."

"बोलीन. तरी करू नको."

शिवाने टोपण लावलं. पेन पोपटशेठचं होतं, ते त्याने बॉनेटवर ठेवलं. पोपटशेठने दगड काढून टाकला, कागदांची घडी केली. "सकाळची टेप माझ्याकडे आहे, लक्षात ठेवा. आणि दिलेलं मानधन परत लागेल."

"मिळेल," मी म्हटलं. "टेप ठेवा. शब्द त्याचे आहेत."

असं मी बोलले खरं, पण अंदाजाने. सायमनने मला टेपचं काहीच सांगितलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. व्हॅन निघून गेली. ती टेप घेऊन तो काय करील, वडखळच्या पोराकडून हेच शब्द म्हणवून घेईल का, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

जितेश वडाच्या पारावर बसला. नव्या शर्टाला पाठीवर घामाचा पट्टा उठला होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "सहा महिने झाले मी ह्याच्यासाठी मरतोय, आत्या."

"ठाऊक हाय."

"आणि तू हे लिवलंस." त्याने कागदाची घडी उलगडली नाही, नुसती धरली. "खोटं हाय का खरं?"

"कायद्याने खरं."

"कायद्याचं नाय विचारत मी."

मी त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. बोलले असते तर रडले असते आणि गेटवरचे लोक बघत होते. तो उठला, शिवाजवळ जाऊन उभा राहिला. "मी आज इथं राहतो. उद्या सायमनकाकांचा वर्ग असतो. टेपचं विचारतो त्यांना."

शिवाने माझ्याकडे पाहिलं. घरी बायकोला काय सांगायचं हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. तरी तो म्हणाला, "चल." आणि सायकलचं कॅरिअर हाताने पुसलं.

"शिवा," मी म्हटलं, "त्याला सकाळी हलवून उठवू नको. झोपेत ओठ हलत असतात. ते थांबले की आपोआप उठतो. मधेच उठवलं तर त्या दिवशी काही सुचत नाय त्याला."

"बरं."

"आणि प्लास्टरच्या धुळीने खोकला झालाय. कोमट पाणी दे."

"देतो, आक्का."

जितेश ऐकत होता, पण मागे वळला नाही. तो कॅरिअरवर बसला. शिवाला ओझ्याची सवय नव्हती, सायकल दोनदा डगमगली, मग तिसऱ्यांदा नीट निघाली. मी रिक्षा शोधायला वळले. पेणची गाडी पाचची होती.